पालखी, डनलप आणि पॅकेज

माझ्या मामाचं गाव राहू. दौंड तालुक्यात, मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेचक्यात. त्या सगळ्या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. गावाचं नाव सांगितलं की पुण्यातले लोक हमखास विचारतात, "मग केतू किती लांब?" लहानपणापासून हा विनोद ऐकतोय आणि दर वेळी हसल्यासारखं करतोय. असो.

तर गेल्या दिवाळीनंतर मामेभावाचा फोन आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादाचं गुऱ्हाळ आहे, दोन जेसीबी आहेत, आणि रस्त्याकडेचा जमिनीचा एक तुकडा नुकताच विकला गेला होता. "गाडी बुक करायचीय. मोठी. तू ये, ते ऑप्शनचं मला काय कळत नाय." गाडीचं नाव मी इथे लिहीत नाही, पण ऑन-रोड किंमत कोटीच्या आसपास. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे यादीत टिकमार्क करण्यातला तज्ज्ञ असा घरच्यांचा समज आहे.

शनिवारी गेलो. अंगणात खाटेवर लॅपटॉप ठेवला आणि कंपनीच्या साइटवर गाडी 'बांधायला' बसलो. रंग, चाकं, सीटचं चामडं, आतल्या लाकडाचा पोत, छताचा आतला कपडा, दारात पडणारा दिव्याचा उजेड. दादा प्रत्येकाला "घे" म्हणत होता. मामा सुपारी कातरत बसला होता. अर्ध्या तासाने म्हणाला, "आरं, गाडी घेतलीया का लग्नाचं वऱ्हाड?"

त्या वाक्यावर मी परत येताना सगळा रस्ता विचार करत आलो. कारण वाहनावर काय असावं आणि काय नसावं, हे ठरवायचा अधिकार गिऱ्हाइकाकडे येऊन आपल्याकडे फार दिवस झालेलेच नाहीत.

मराठेशाहीत पालखी ही विकत घेऊन बसायची वस्तू नव्हती. पैसे असले तरी. पालखीत बसण्याचा मान सरकारातून मिळायचा, आणि तो मिळाला की भोयांचा खर्च भागवायला वेगळी नेमणूकही बांधून मिळायची. अब्दागिरीचं तसंच. डोक्यावर सावली धरणारी ती छत्री म्हणजे आजच्या भाषेत ऍक्सेसरी, पण ती कुणावर धरायची हे दरबार ठरवणार. नगारा, निशाण, मोर्चेल, सगळं त्याच हिशेबात. म्हणजे 'टॉप मॉडेल' होतं, फक्त त्याची किंमत रुपयांत नव्हती.

आणि हे सगळं पेशवाईबरोबर संपलं असं समजू नका. गाडीवरचा लाल दिवा आठवा. तोही पैसे देऊन मिळणारा ऑप्शन नव्हता, पदाबरोबर यायचा. १ मे २०१७ पासून तो बंद झाला. मला तर ती शेवटची अब्दागिरी वाटते. त्यानंतर उरला पसंतीचा नंबर, आणि तो मात्र सरकार उघडपणे विकतं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची फीसुद्धा वाढली.

संस्थानिकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या काळात उंची मोटारीची चॅसी एका कंपनीकडून यायची आणि बॉडी दुसरा कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे चढवायचा. कोल्हापूरच्या दसऱ्याला लोक ज्या मेबॅकभोवती गर्दी करतात ती त्याच जमान्यातली. तिथे 'यादी' नव्हतीच. महाराज सांगतील ते.

यादी आली अमेरिकेतून. हेन्री फोर्डने १९१४ पासून १९२५ पर्यंत मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, कारण एकाच रंगात काम भराभर उरकतं. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने बरोबर उलटं केलं. प्रत्येक खिशाला वेगळी गाडी आणि दर वर्षी थोडा नवा चेहरा. १९६४ मध्ये फोर्डची मस्टँग आली तोपर्यंत मूळ गाडी स्वस्त आणि ऑप्शनची यादी लांबलचक, हे तंत्र पक्कं झालं होतं.

पण यादी लांबली की कारखान्याचं काय होतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच दिसतं. वीस ऑप्शन, प्रत्येकाला फक्त हो किंवा नाही, तर १०,४८,५७६ वेगवेगळ्या गाड्या होतात. सगळ्यांचं वायरिंग जुळलं पाहिजे, सगळ्यांचे सुटे भाग वेळेवर पोचले पाहिजेत, आणि टेस्टिंग... (कुठल्याही क्यूएवाल्याला हा आकडा सांगा आणि त्याचा चेहरा बघा.) म्हणून पाच-सहा गोष्टींची मोट बांधायची आणि तिला पॅकेज म्हणायचं. कंपनीची सोय पहिली. दुसरी सोयही कंपनीचीच, कारण तुम्हाला हवी असलेली एक गोष्ट नको असलेल्या चारांबरोबर बांधता येते.

आपल्याकडे मात्र मधली कित्येक वर्षं यादीच नव्हती, होती ती रांग. १९५९ च्या आदेशाने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण आलं. कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट आधी प्रेसिडेंट झाली आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी, पण गिऱ्हाइकाचं काम तेच राहिलं. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. नंबर लागला की जो रंग येईल तो आपला. खेड्यात तर मोटार म्हणजे जीपच. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली, आणि पुढे साखर कारखाना, पंचायत समिती, निवडणूक यांतलं काहीही जीपशिवाय हललं नाही. तिच्या बाबतीत ऑप्शन म्हणजे ताडपत्रीचं हूड आणि मागच्या आडव्या बाकांवर रेक्झिन. तेही गावच्या टपरीत. नंतर त्याच जीपमध्ये वडापवाल्यांनी किती माणसं बसवली ते विचारू नका.

मामाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "रांगेत कशाला? आमच्या बानं तर सुताराकडं बसून गाडी करून घेतली."

बैलगाडीचं म्हणत होता तो. आणि खरंच की! गिऱ्हाईक आणि कारागीर समोरासमोर बसून वाहन ठरवायचे ते तिथेच. बाभळीचं लाकूड कुठलं, आरे किती, साटा केवढा, धाव किती जाड, सगळं बोलून. मग उसाच्या पट्ट्यात डनलप गाडी आली. लाकडी चाक आणि लोखंडी धाव जाऊन हवेची रबरी चाकं. टायरच्या कंपनीचं नाव अख्ख्या गाडीला चिकटलं ते कायमचं, आजही उसाच्या टायरगाडीला लोक डनलपच म्हणतात. बैल तेच, पण ओझं कितीतरी जास्त ओढायला लागले. मामाच्या म्हणण्याप्रमाणे आजोबांनी डनलप केली त्या साली पैसे कमी पडले. पितळी घुंगरमाळा आणि शिंगांच्या शेंब्या आजीला हव्या होत्या, बैल पोळ्याला मिरवायला. आजोबांनी चाकं घेतली. माळा दोन वर्षांनी आल्या. आजी तेवढे दोन पोळे बोलली नाही म्हणे :)

१९९१ नंतरचं तुम्हाला माहीत आहेच, पटकन सांगतो. त्याच वर्षी पुण्यातून टाटांची सिएरा आली, बटणाने काचा खाली-वर होणारी. आमच्याकडच्या पोरांना तेच विमान वाटलं होतं. १९९४ मध्ये सुमो (सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरं), १९९८ मध्ये सफारी, २००२ मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ. १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या आवारात मर्सिडीज जुळायला लागली आणि २००९ मध्ये तिने चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. राहूपासून फार लांब नसलेल्या रांजणगाव एमआयडीसीत २०१७ पासून जीप कंपास बनते. २०२४ मध्ये तर रेंज रोव्हर इंग्लंडबाहेर पहिल्यांदा जुळवायला घेतली तीही पुण्यातच. म्हणजे जगातल्या महागड्या एसयूव्ही आमच्या उसाच्या आजूबाजूला तयार होतात, आणि उसाच्या पैशातून विकतही घेतल्या जातात.

आता हिशेब, कारण दादाला तो कुणी सांगितला नव्हता. कारखान्यातून बसून येणारं पॅकेज गाडीच्या किमतीत धरलं जातं. त्यामुळे चार लाखांचं पॅकेज चार लाखांत येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी ४० टक्के आहे, तो त्या चार लाखांत आधीच बसलेला. वर महाराष्ट्रात वीस लाखांपुढच्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १५ टक्के, म्हणजे आणखी साठ हजार. विमा वेगळा. कर्ज असेल तर व्याजही त्यावरच. शिवाय जुनी गाडी विकताना पॅकेजला कुणी मनासारखे पैसे देत नाही.

हे सगळं मांडल्यावर आमच्यापुढे दोन पॅकेजं उरली आणि बजेट एकाचंच. एकात मसाज करणाऱ्या, थंड हवा फेकणाऱ्या सीटा, मागच्या पोरांना स्क्रीन, वीस-बावीस स्पीकर आणि एकवीस इंची चाकं. दुसऱ्यात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर न जाता लांबपर्यंत उजेड टाकणारे दिवे, आणि कॅमेरा-रडारवर चालणारा आपोआप ब्रेक. दादाला पहिलं हवं होतं. उघडंच आहे, दिवे कुणाला दाखवणार? सनरूफ तर मूळ गाडीतच होता. त्यावर मामीने आधीच निकाल देऊन टाकला होता, "ऊसतोड लागली की बिबटं रानातनं भाईर निघत्यात, आन् ह्येला वरनं भोकाची गाडी पायजे."

मी एकवीस इंची चाकांविरुद्ध बोललो. रिम मोठं तर टायरची भिंत बारीक, आणि आपल्या आतल्या रस्त्यांवरचा एक खड्डा हजारोंना पडतो. दादा म्हणाला, "बघू." मग मी अंधाराचं बोललो, तर म्हणाला, "आमाला काय रस्ता नवा हाय का?"

तेव्हा मामी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "बबड्यालाबी नवा नव्हता."

कुणी काही बोललं नाही. बबड्या म्हणजे मामीच्या भावाचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, रात्री साडेनऊच्या सुमाराला, चौफुल्याच्या अलीकडे उसाने भरलेल्या ट्रॉलीवर मागून गेला. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ऊस मागे चार-पाच फूट बाहेर आलेला. सीझनमध्ये आमच्याकडे संध्याकाळनंतर रस्त्यावर अशा दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून चाललेल्या असतात, आणि समोरून प्रखर दिव्यांचा ट्रक आला की मधला अंधार अगदी काळाकुट्ट होतो. ज्यांनी तो रस्ता सीझनमध्ये चालवलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

मी दादाला एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. आपोआप लागणाऱ्या ब्रेकवर फार विसंबू नको. सिस्टिमला प्रत्येक अडथळा ओळखता येईलच असं नाही, हे कंपन्या स्वतःच मॅन्युअलमध्ये लिहितात. गाडीची पाठ, माणूस, सायकल, हे तिला शिकवलेलं असतं. बाहेर आलेल्या उसाच्या मोळीला ती काय समजेल, मी सांगू शकत नाही. पण उजेडाचा उपयोग नक्की. चालवणाऱ्याला चार सेकंद आधी दिसलं, तर ८० च्या वेगाने जवळपास नव्वद मीटर हातात येतात.

दादाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मसाजवरची खूण काढली, दिव्यांवर लावली. चाकं एकोणीसची केली. मग बराच वेळ स्पीकरच्या ओळीवर बाण फिरवत बसला. ते वेगळे मिळतात का, म्हणून त्याने मला विचारलं. मिळत नव्हते. मामी गुडघ्यांनी अधू आहे, म्हणून बाजूची पायरी घेतली. ती डीलरकडे बसवायची ऍक्सेसरी, बिल वेगळं. तेवढी एकच गोष्ट त्या घरात भांडणाशिवाय ठरली.

बुकिंग सोमवारी झालं. गाडी यायला दहा आठवडे. डिलिव्हरीची वेळ राहुकाळ टाळून धरायची असं गुरुजींनी सांगितलंय, आता राहूतल्या माणसाने तो कसा टाळायचा ते त्यांनाच ठाऊक.

पुढच्या रविवारी परत गेलो होतो, गूळ आणायला. मामा गुऱ्हाळामागे दिसला. दौंडहून लाल-पांढऱ्या रिफ्लेक्टर पट्टीची गुंडाळी आणली होती, काही शे रुपयांची. आमच्या स्वतःच्या दोन ट्रॉल्या मोकळ्या उभ्या होत्या, दोन्हींच्या मागच्या फळकुटावर काहीच नव्हतं. पत्रा आधी स्वच्छ पुसायचा, वाळू द्यायचा, मग पट्टी. मी धरली, मामाने दाबली. अंधार पडेपर्यंत दोन्ही झाल्या. मामा टॉर्च घेऊन विहिरीपर्यंत लांब गेला आणि तिथून उजेड मारून बघितला. एका ट्रॉलीची डावीकडची पट्टी वाकडी बसली होती. ती काढून परत लावली.