सुधागडचे कातकरी : हिणवणूक आणि आजारपण

सरसगडाच्या पायथ्याशी, अंबा नदीच्या खोऱ्यात वसलेले पाली बल्लाळेश्वराचे स्थान म्हणून महाराष्ट्रभर ज्ञात असले, तरी सुधागड तालुक्याच्या या मुख्य गावाभोवती डोंगरउतारांवर व गावांच्या कडेला असलेल्या कातकरवाड्यांचा, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्त्यांचा, इतिहास क्षेत्रमाहात्म्याच्या पुस्तकांत सहसा येत नाही. १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत हा मुलूख भोर संस्थानात होता आणि पुढे तो कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आला. राज्यकर्ते बदलले, तरी कातकऱ्यांचे गावकुसाबाहेरचे स्थान बदलले नाही.

खैराच्या लाकडाचा गाभा तासून, त्याचे तुकडे उकळून कात काढणे हा या जमातीचा पिढीजात धंदा होता. त्याला डोंगरउतारावरील नाचणी-वरीची, शिकारीची, नदीओढ्यांतील मासे-खेकड्यांची आणि रानातील कंदमुळांची जोड होती. हा आहार गरिबाचा असला, तरी त्यात धान्य, मांस आणि पाला या सर्वांना स्थान होते. १८७८ च्या वनकायद्यानंतर शेजारच्या ब्रिटिश मुलखातील राखीव जंगलांत खैर तोडणे व फिरती शेती करणे यांवर बंधने आली. कुलाबा जिल्ह्यात काही डोंगरजमिनी ‘दळी’ म्हणून, म्हणजे वनखात्याच्या मर्जीवर कसण्यापुरत्या देण्यात आल्या, परंतु त्यांवर मालकी मिळाली नाही. त्याच वर्षीच्या अबकारी कायद्याने घरगुती दारू गाळणे गुन्हा ठरले. कात गेला, तसे कातकरी कोळसाभट्ट्यांवर ठेकेदारांचे मजूर झाले, आणि पावसाळ्यात पोट भरण्यासाठी आगाऊ घेतलेली उचल फेडण्यात पुढचा हंगाम जाऊ लागला.

या आर्थिक पडझडीला जन्मावरून माणसाची लायकी ठरविण्याच्या वृत्तीने बळ दिले. वसाहतकालीन वर्णनग्रंथांनी कातकऱ्यांना दारूबाज व चोरटे म्हटले. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमात कायद्यांनी संपूर्ण समूहाला जन्मतः संशयित मानण्याची रीत कारभारात रुजवली. आणि गावच्या समाजाने उंदीर खाणारे, अस्वच्छ, म्हणून दूर ठेवण्याजोगे लोक हा शिक्का त्यांच्यावर आधीच मारलेला होता. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबाराला बळी पडलेल्यांत नाग्या महादू कातकरी होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण ज्यांना चोर म्हटले गेले, त्यांनी आपल्याच जंगलासाठी प्राण दिले. वंशभेदाविषयीच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश व वर्ण यांच्याबरोबर कुळावरून होणारा भेदही धरला आहे. कातकऱ्यांना मिळालेली वागणूक त्या व्याख्येबाहेरची म्हणता येणार नाही.

ही वागणूक शरीरापर्यंत कशी पोहोचते, हे वाडीच्या जागेवरून समजते. अनेक कातकरवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर वसल्या असल्याने तेथील घर कायद्याच्या दृष्टीने घर ठरत नाही. घर नाही म्हणून शौचालय व नळ मिळण्यात अडचण, आणि त्यांच्या अभावी ओढ्याचे पाणी व त्यातून येणारे जुलाब. ज्या अस्वच्छतेचा दोष कातकऱ्यांच्या स्वभावाला दिला जातो, तिचे मूळ अशा प्रकारे सातबाऱ्यात सापडते. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचल राहिली. गरोदर स्त्रीची नोंद, बालकाचे लसीकरण आणि अंगणवाडीचा आहार या गोष्टी राहत्या गावाशी बांधलेल्या असल्याने, भट्टीच्या धुराधुळीत घालविलेल्या महिन्यांत त्या खंडित होतात. दवाखान्यात हिडीसफिडीस होईल या भीतीने रुग्णाला उशिरा आणले जाते, आणि हा उशीर मग अडाणीपणाचा पुरावा मानला जातो. सर्वांत अन्यायकारक गोष्ट हीच आहे, कारण येथे अपमान हे रोगाचे कारणही होते आणि रोगाचे स्पष्टीकरणही.

अपमान आणि रोग यांची ही सांगड इतरत्रही दिसते : ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे सरासरी आयुर्मान इतर नागरिकांपेक्षा सुमारे आठ वर्षांनी कमी आहे, आणि तेथे या अंतराचा विचार करताना हिरावलेली भूमी व वंशद्वेष यांचा उल्लेख आता टाळला जात नाही. भारतात डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ च्या अहवालात आदिवासींच्या आरोग्याची दुरवस्था मांडताना, आदिवासींचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्राबाहेर राहतो याकडेही लक्ष वेधले. सुधागडही या क्षेत्राबाहेरच आहे : रायगड जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत नसल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभांना दिलेले अधिकार येथील वाड्यांना मिळत नाहीत. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे, आणि २०२३ मध्ये या जमातींसाठी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत पक्की घरे, नळाचे पाणी व फिरते दवाखाने यांचा समावेश आहे. परंतु घर बांधायला आधी पायाखालची जमीन आपली असावी लागते. म्हणून कातकरवाड्यांना गावठाणाचा दर्जा देणे हे महसूल खात्याइतकेच आरोग्य खात्याचेही काम मानले गेले पाहिजे, आणि सुधागड तालुक्यात ते आणखी लांबणीवर टाकता कामा नये.