कापड बुडाखालचं आणि अंगावरचं

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला बसायची जागा कशी असावी ते सांगितलंय. फार उंच नको, फार सखल नको. दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र यांचं आसन. म्हणजे कापड आहे, पण बुडाखाली. हठयोगप्रदीपिका तर मठीचं दार लहान असावं, जमीन शेणानं सारवलेली असावी इतके बारकावे देते. पण त्या वर्णनात साधकाच्या कपड्यांबद्दल काही नाही. साधक पुरुष, तोही बहुधा संसार सोडलेला, हे गृहीतच होतं. त्याला कौपीन पुरे. निवडायचं काय?

निवडायची वेळ आली ती आसनं संसारी माणसांच्या घरात शिरल्यावर, जेमतेम शंभर वर्षांपूर्वी. त्यातलं बरंचसं आपल्याकडेच घडलं. मुंबईत श्रीयोगेंद्रांनी १९१८मध्ये योग इन्स्टिट्यूट काढली, १९२४मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम. दोघांचेही आसनं करतानाचे जुने फोटो लंगोटातले आहेत. हा लंगोट निव्वळ संन्याशाचा नव्हे. कुवलयानंद बडोद्याच्या माणिकरावांच्या तालमीत तयार झालेले, आणि तालमीत लंगोट हाच गणवेश. पुरुषांचा प्रश्न असा परस्पर सुटला.

बायकांचा नाही सुटला. योगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४मध्ये खास स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं, म्हणजे शिकायची तयारी होती. आणि खरं तर आसनांना चालेल असा पोशाख मराठी बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या होताच: काष्ट्याचं नऊवारी लुगडं. त्यात दोन्ही पाय सुटे राहतात. भातलावणी करणारी, मासळी विकणारी, जात्यावर मांड ठोकून बसणारी बाई त्यातच वावरत होती. पण याच दोन-तीन दशकांत शहरातल्या शिकलेल्या मुली नऊवारी सोडून पाचवारी गोल पातळाकडे वळल्या. गोल नेसणं म्हणजे सुधारणा. घरातल्या म्हाताऱ्यांना ते अशोभनीय वाटे. काष्ट्याशिवाय सोवळं कसलं, असंही त्या म्हणत. त्यांचं कारण मला पटत नाही. पण आसनं बायकांपर्यंत पोचत होती नेमकी तेव्हाच त्यांच्या पोशाखातून पायांची मोकळीक गेली, हा योगायोग मला फार महागात पडलेला वाटतो.

लुगड्यात शीर्षासन कसं करणार, अशी शंका येईल. म्हैसूरला कृष्णमाचार्यांचं १९३८मधलं चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात त्यांच्या पत्नी साडीतच आसनं करताना दिसतात. अवघड आसनं, विनातक्रार.

माझी आई सत्तरच्या दशकात तालुक्याच्या गावी योगवर्गाला जायची. सगळ्या गोल साडीत. वज्रासन, पद्मासन, भुजंगासन व्हायचं. सर्वांगासन आणि हलासन मात्र “घरी करा, दार लावून” या सदरात. घरी दार लावायला स्वतंत्र खोली कुणाकडे होती! काही जणींनी पुढे पिशवीतून नवऱ्याचा लेंगा आणायला सुरुवात केली. हॉलचं दार आतून बंद करून, पडदे ओढून, साडी सोडून लेंगा चढवायचा आणि वर तो ब्लाउज तसाच. आईनं चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा सर्वांगासन केलं ते असं. अभ्यासक्रम शास्त्रानं ठरत नव्हता, कापडानं ठरत होता.

तोवर पुण्यात उलट्या बाजूनं विचार चालू होता. बी. के. एस. अय्यंगार १९३७मध्ये पुण्याला आले, आणि त्यांच्या पद्धतीत उभ्या आसनांत गुडघ्याची वाटी वर खेचायला सांगतात. ती खेचली की नाही, हे साडीतून सोडाच, सैल पायजम्यातूनही कळणार नाही. म्हणून त्यांच्या परंपरेत चुणीदार, मांडीला इलॅस्टिक असलेली आखूड चड्डी रुळली. पाय वर गेले तरी ती घसरत नाही, आणि गुडघा उघडा राहतो. परदेशी विद्यार्थी तिला पुण्याच्याच नावानं ओळखतात. दिसायला ती अजिबात चांगली नाही. पण शिकवणाऱ्याच्या नजरेच्या सोयीनं बेतलेला असा दुसरा कपडा मला माहीत नाही.

लेगिंग्जची वाट वेगळी. ताणणारा धागा, लायक्रा, ड्युपाँट कंपनीत १९५८मध्ये तयार झाला तो बायकांच्या कमरपट्ट्यांतल्या रबराला पर्याय म्हणून; म्हणजे शरीर आवळायला. चाळीस वर्षांनी, १९९८मध्ये, कॅनडातल्या व्हँकूव्हरला लुलुलेमन सुरू झाली आणि योगाची पँट ही वेगळी, महागडी वस्तू झाली. याच कंपनीला २०१३मध्ये आपल्या काळ्या पँट्स दुकानांतून परत घ्याव्या लागल्या, कारण त्या पारदर्शक निघाल्या. वाकल्यावर काय दिसतं, हा प्रश्न तिथंही सुटलेला नव्हता.

मी स्वतः शिंप्याकडून सुती, नाडीची, घोट्याला इलॅस्टिक असलेली विजार शिवून घेते. नाडी बाजूला बांधते, नाहीतर पोटावर झोपल्यावर गाठ रुतते. घाम सुकत नाही हा सुती कापडाचा दोष आहे, पण घाम यावा इतक्या वेगानं मी काही करत नाही. वर टीशर्ट, खोचलेला. आमच्या वर्गात बऱ्याच जणी लेगिंग्जवर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालतात. पाय वर नेले की तो तोंडावर येतो, म्हणून बाई आधीच खोचायला सांगतात. वर्गात तीन पुरुष आहेत. दोघी जणी कुर्ता खोचत नाहीत; सर्वांगासनाच्या वेळी त्या शवासनात पडून राहतात.