मोर्तब आणि डिजिटल स्वाक्षरी : पनवेलच्या सातबाऱ्यासंबंधी

पनवेल तालुक्यात सातबाऱ्याच्या उताऱ्याचे मोल विशेष. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी प्रकल्पाच्या कक्षेत आल्या आणि मोबदल्याच्या दाव्यास हाच कागद आधार ठरला. २०१८ सालापासून तो डिजिटल स्वाक्षरीने मिळतो. संगणकावर उघडताच मात्र स्वाक्षरीपाशी पुष्कळदा प्रश्नचिन्ह दिसते आणि उतारा बनावट ठरविला जातो. ही शंका बहुधा अनाठायी असते.

मराठेशाहीच्या दप्तरांच्या अभ्यासकास हा पेच नवा नाही. पुढे कोणी मजकूर वाढवू नये म्हणून अखेरीस मोर्तब उठविले जाई. पण ते खरे की नकली, हे ठरविण्यास तो ठसा पूर्वी पाहिलेला जाणकारच लागे. डिजिटल स्वाक्षरीत ही दोन कामे विभागली गेली. मजकुरातील एका अक्षराचाही फेरफार गणित पकडते. स्वाक्षरी कोणाची, याची ग्वाही प्रमाणपत्र देते. आणि त्या प्रमाणपत्राची साखळी २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये नेमलेल्या नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचते. ते मूळ प्रमाणपत्र वाचकाच्या संगणकास अपरिचित असले की प्रश्नचिन्ह उमटते. त्याचा अर्थ 'खोटे' नव्हे, 'अनोळखी' एवढाच.

नियंत्रकाच्या कार्यालयाकडून मूळ प्रमाणपत्र घेऊन ते विश्वसनीय यादीत घालणे हा खरा उपाय. उताऱ्यातीलच प्रमाणपत्रास डोळे झाकून मान्यता देणे म्हणजे संशयित शिक्क्यालाच साक्षीस बोलावणे होय. छापील प्रतीत तर तपासण्यास स्वाक्षरीच उरत नाही. तेथे उताऱ्यावरील पडताळणी क्रमांकच महसूल खात्याच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा लागतो.