टिंबाचा अर्थ कोणता?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. हे क्रमांक बारा अंकी असले, तरी कोणाचा मोठा आणि कोणाचा लहान हा प्रश्न निरर्थक आहे. ती केवळ ओळखीची खूण आहे. सॉफ्टवेअरचा आवृत्तिक्रमांक हीदेखील खूणच, पण तिच्यात क्रम असतो. मग ३.९ आणि ३.१० यांपैकी नवी आवृत्ती कोणती?

उत्तर टिंबाच्या अर्थावर अवलंबून आहे. अमेरिकन ग्रंथपाल मेलव्हिल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात टिंब म्हणजे दशांशचिन्ह. म्हणून ग्रंथालयात ५१०.१५ हा क्रमांक ५१०.९ च्या आधी लागतो. गीतेच्या संदर्भात मात्र २.४७ म्हणजे दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक, तो २.५ च्या पुष्कळ नंतर येतो. येथे टिंब दोन पूर्णांकांना फक्त वेगळे करते. आवृत्तिक्रमांक सहसा याच परंपरेतले असतात. ३.९ नंतर ३.१० येते.

संगणक मात्र आणखी तिसऱ्याच रीतीने वाचू शकतो. १९६३ च्या आस्की संकेतावलीत ० ते ९ या अंकांना ४८ ते ५७ हे संकेतांक मिळाले. क्रमांकांची तुलना मजकूर म्हणून केली, की शब्दकोशाप्रमाणे डावीकडून एकेक चिन्ह पाहिले जाते. '१' हा '९' च्या आधीचा, म्हणून ३.१० जुनी ठरते!

अशा चुका प्रत्यक्ष घडल्या आहेत. २००९ मध्ये ऑपेरा या ब्राउझरची दहावी आवृत्ती आली. काही संकेतस्थळे क्रमांकाचा पहिलाच अंक वाचत, दहाला एक समजत आणि नव्या ब्राउझरला जुना म्हणून नाकारत. अखेर ऑपेराला स्वतःची ओळख ९.८० अशी सांगावी लागली. खरा क्रमांक ओळीच्या शेवटी गेला. २०२१ मध्ये पायथॉन भाषेची ३.१० आवृत्ती निघाली, तेव्हा पहिली तीनच चिन्हे वाचणाऱ्या आज्ञावलींना ती ३.१ वाटली.

उपाय सोपा आहे. टिंबापाशी तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा पूर्णांक मानावा, डावीकडून जोड्या लावाव्यात आणि पहिला फरक दिसताच निर्णय द्यावा. एका बाजूचे तुकडे आधी संपले, तर तेथे शून्य धरावे.

विद्यार्थ्यांना आज्ञावली लिहायला देण्यापूर्वी ९.२, ९.१० आणि १०.१ हे क्रमांक कागदावर चढत्या क्रमाने लावायला सांगा: एकदा दशांश म्हणून, एकदा मजकूर म्हणून, एकदा आवृत्ती म्हणून. तिन्ही वेळा क्रम वेगळा येईल.