कॉलेज-कंपनी 'टाय-अप' म्हणजे काय? लॉजिस्टिक्सच्या कोर्सची फी भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती सुरू होतात. 'मोठ्या कंपनीशी टाय-अप, 100 टक्के नोकरी!' त्यात लॉजिस्टिक्सचे कोर्सही असतात. काही टाय-अप खरंच कामाचे असतात, तर काही फोटोपुरतेच. फरक कसा ओळखायचा, ते पाहू.

लॉजिस्टिक्स म्हणजे काय?

माल वेळेत, कमी खर्चात आणि खराब न होता पोहोचवणं, म्हणजे लॉजिस्टिक्स. ट्रक, रेल्वे, बंदर, गोदाम, कोल्ड स्टोरेज, मालाची नोंद असं सगळं त्यात येतं. भिवंडीची गोदामं आणि उरणचं जेएनपीए बंदर याच कामावर चालतात. नाशिकचा कांदा परदेशी जातो, तोही याच साखळीतून.

कंपन्या आणि विद्यापीठं एकत्र का येतात?

वर्गात पुस्तक शिकवता येतं, पण गोदामातला स्कॅनर कसा चालतो हे गोदामातच कळतं. कंपनीला तयार माणूस हवा असतो, कॉलेजला मुलांसाठी काम. संशोधनाचंही तसंच आहे. कंपनी आपली अडचण आणि आकडेवारी देते, प्राध्यापक आणि विद्यार्थी त्यावर उपाय शोधतात. उदाहरणार्थ, माल उतरवून ट्रक रिकामा परतला तर त्या फेरीचा डिझेल खर्चही शेवटी भाड्यातच धरला जातो. परतीचा माल कसा मिळवायचा, हा अभ्यासाचाच विषय आहे. त्यावर तोडगा निघाला तर शेतकऱ्याचंही भाडं वाचू शकतं.

वडोदऱ्याचं उदाहरण

गुजरातमधल्या वडोदऱ्यात गति शक्ती विश्वविद्यालय आहे. वाहतूक आणि लॉजिस्टिक्स हाच त्याचा मुख्य विषय. 2018 मध्ये रेल्वेची संस्था म्हणून ते सुरू झालं आणि 2022 मध्ये संसदेच्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठ झालं. ते रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. बी.टेक.चा प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर होतो.

या विद्यापीठाने सप्टेंबर 2023 मध्ये विमान बनवणाऱ्या एअरबस कंपनीशी सामंजस्य करार केला. 15 हजारांपर्यंत विद्यार्थ्यांना कंपनीच्या भारतातल्या कामात संधी मिळू शकेल, असं तेव्हा जाहीर झालं. 2024 मध्ये पुढचा करार झाला. त्यात गरीब पण हुशार अशा 40 विद्यार्थ्यांना पूर्ण कोर्सची शिष्यवृत्ती ठरली. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश जागा मुलींसाठी आहेत.

इथे फरक लक्षात घ्या. 'संधी मिळू शकेल' हा अंदाज असतो, '40 जणांना शिष्यवृत्ती' हा मोजता येणारा शब्द. कुठल्याही टाय-अपमध्ये असा मोजता येणारा शब्द शोधा. सामंजस्य करार म्हणजे बहुतेक वेळा फक्त इरादा असतो, नोकरीची हमी नसते.

अप्रेंटिसशिपचा कायदा काय सांगतो?

पदवीसोबत कंपनीत काम शिकायचं असेल तर 1961 चा अप्रेंटिस कायदा लागू होतो. विद्यार्थी आणि कंपनी यांच्यात लेखी करार होतो, त्याची सरकारकडे नोंद होते आणि कंपनीने विद्यावेतन द्यायचं असतं. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत त्यातले 25 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार देतं. शिकून झाल्यावर नोकरी द्यायलाच हवी, असं बंधन मात्र कंपनीवर नसतं. करारातच तशी अट असेल तर गोष्ट वेगळी.

फी भरण्याआधी हे विचारा

• पदवी कोणतं विद्यापीठ देणार? ते यूजीसीच्या यादीत आहे का? यूजीसी बोगस विद्यापीठांची यादीही जाहीर करते, तीही बघा.
• कंपनीसोबतचा करार दाखवाल का? त्याची मुदत अजून शिल्लक आहे का?
• विद्यावेतन किती? थेट मुलाच्या बँक खात्यात येणार का?
• काम कुठे, किती तास? रात्रपाळी आहे का? राहण्याचा खर्च कोणाचा?
• मागच्या बॅचची किती मुलं कामाला लागली? त्यातल्या दोघा-तिघांशी बोलता येईल का?

अप्रेंटिसशिपमध्ये कंपनी मुलाला पैसे देते. 'कंपनीची नोंदणी फी' म्हणून कोणी तुमच्याकडूनच पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. आणि उत्तरं तोंडी नकोत, कागदावर घ्या.