संमती, हरकत आणि विडी

भारतातील रेल्वेसाठी १८९० साली जो नववा कायदा झाला, त्यात ११० क्रमांकाचे एक छोटे कलम होते. डब्यातल्या सहप्रवाशांच्या संमतीशिवाय धूम्रपान करणाऱ्याला वीस रुपयांपर्यंत दंड. त्यासाठी खास राखलेला डबा असेल तर तेवढा अपवाद. रेल्वेच्या नोकराने ताकीद देऊनही माणूस ओढतच राहिला, तर त्याला डब्यातून उतरवण्याची मुभा. जुने कायदे वाचण्याचा नाद मला पालघर-बोईसरच्या रोजच्या फेऱ्यांमध्ये लागला. हे कलम वाचताना मी दंडाच्या रकमेपाशी नव्हे, तर ‘संमती’ या शब्दापाशी थांबलो. वाचा कुणी फोडायची, हे त्यात ठरवून दिले होते. विचारायचे ते ओढणाऱ्याने.

हे कलम आकाशातून पडले नव्हते. इंग्लंडमध्ये १८६८ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना धूम्रपानाचे वेगळे डबे ठेवणे भाग पाडले होते. पण आपल्याकडे त्याचा अर्थ निराळा होतो, आणि तो कळण्यासाठी रुळांपासून दूर, गावातल्या ओटीवर जावे लागते.

तंबाखूचे शिष्टाचार आपल्याकडे भरपूर होते. चिलीम कुणाबरोबर ओढायची आणि कुणाबरोबर नाही, हे जातीने ठरलेले. आपट्याच्या किंवा टेंभुर्णीच्या पानाची विडी पेटवायला विस्तव मागितला, तर नाही म्हणायचे नाही. वडीलधारे समोरून आले की तरुणाने पेटती विडी तळहाताच्या आड घ्यायची, चटका बसला तरी. वारली पाड्यावर काय, वाडवळ-मांगेल्यांच्या आळीत काय किंवा आमच्या घरात काय, तपशील बदलत, पण धूर वरून खाली जाई. मोठ्याने ओढावे, धाकट्याने लपवावे. हा अदब मोठ्यांच्या मानाचा होता, त्यात कुणाच्या छातीचा विचार नव्हता. पोराला खोकला आला तर पोराला बाहेर पाठवत, आजोबांना नाही. माझ्या आईला दमा होता. सासऱ्यांची विडी पेटली की ती उठून स्वयंपाकघरात जाई, आणि तिथे चुलीचा धूर. ‘मामंजी, जरा बाहेर ओढता का’ हे वाक्य तिच्या तोंडून मी कधीच ऐकले नाही. असे वाक्य घरात होते असेही मला वाटत नाही.

त्या पार्श्वभूमीवर रेल्वेचा डबा पाहावा. मुंबई-सुरत मार्ग १८६४ पर्यंत पुरा झाला आणि आमच्या किनाऱ्यालगतच्या गावांमधून गाडी धावू लागली. पुढे पाव शतकाने कायदा सांगू लागला की शेजारी बसलेला अनोळखी माणूस, त्याची जात, वय, ऐपत काहीही असो, तुमच्या विडीला ‘नको’ म्हणू शकतो. कागदावर का होईना, खालच्याला वरच्याच्या धुराबद्दल बोलण्याचा हक्क आमच्या भागात कुठे पहिल्यांदा मिळाला असेल, तर तो इथे, असे माझे मत आहे. व्यवहार अर्थातच वेगळा. गांधीजींनी आत्मकथेत तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या वाईट सवयी मोजल्या आहेत, त्यांत वेळी-अवेळी, वाटेल तिथे केलेले धूम्रपान आहेच. मौन म्हणजे संमती असे मानण्याची आपली सवय जुनी. कायद्यालाही ती नीट मोडता आली नाही.

आश्चर्य पुढेच आहे. स्वतंत्र भारताने १९८९ साली नवा रेल्वे कायदा केला, तो १ जुलै १९९० पासून लागू झाला. त्याचे १६७ वे कलम म्हणते की, डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर धूम्रपान करू नये. दंड शंभर रुपयांपर्यंत. संपूर्ण गाडीत किंवा तिच्या काही भागात बंदी घालण्याचा अधिकार रेल्वेला दिला, ही जमेची बाजू. पण संमतीच्या जागी हरकत आली. शंभर वर्षांपूर्वी तोंड उघडायचे होते ओढणाऱ्याने, आता ते खोकणाऱ्यावर आले. साहेबाने गुलाम देशाला दिलेले कलम या एका बाबतीत आपल्या कलमापेक्षा सभ्य होते, हे लिहिताना बरे वाटत नाही.

आणि हे झाले तेव्हा वैद्यकशास्त्र पुढे गेलेले होते. जपानच्या ताकेशी हिरायामा यांचा अभ्यास १९८१ सालीच प्रसिद्ध झाला होता. स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षे नोंद ठेवून त्यांनी दाखवले की, नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. स्वयंपाकघरात उठून जाणाऱ्या बायका फक्त आपल्याकडे नव्हत्या.

आमच्या पट्ट्यात या काळात आणखी एक गंमत घडत होती. तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरभोवती रासायनिक कारखान्यांची वसाहत वाढली. जिथे मिथेनॉल-टोल्युईनसारखे पेट घेणारे द्रव हाताळतात, तिथे गेटवरच काडेपेटी काढून ठेवावी लागते. रखवालदार खिसे चाचपतो, आणि कामगारापासून व्यवस्थापकापर्यंत कुणालाही त्यात अपमान वाटत नाही. तोच कामगार पाळी सुटल्यावर शटलच्या दारात विडी पेटवी, आणि कुणी काही बोलले की, ‘तुमच्या बापाची गाडी आहे का?’ टाकीजवळची ठिणगी सर्वांना दिसते. शेजारच्याची छाती कुणाला दिसत नाही.

शेवटी कोर्टाने दार ठोठावले. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान बेकायदा ठरवले. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा-कॉलेजे, ग्रंथालये, कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनांत बंदीचा आदेश दिला. २००३ चा तंबाखूविरोधी कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम त्यानंतरचे, दंड दोनशे रुपयांपर्यंत. आता ना संमती, ना हरकत. प्रश्नच मिटला, असे कागद म्हणतो.

पण डब्यात विनंती चालूच राहिली. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, गर्दी वाढली, दारातली विडी कमी झाली, संपली नाही. गेली कित्येक वर्षे मी या विनंत्या कान देऊन ऐकतो. ‘काका, तेवढी विझवता का?’ ‘भाऊ, बाळ आहे हो सोबत.’ ‘दादा, मला दम्याचा त्रास आहे.’ ‘इथे बंदी आहे’ असे सहसा कुणी म्हणत नाही. म्हटले तर भांडण होते. नाते जोडायचे, ‘जरा’ किंवा ‘तेवढं’ घालायचे, आणि सोबत एखादे आजारपण नाहीतर लहान मूल पुरावा म्हणून द्यायचे. धडधाकट माणसाला आपल्याकडे स्वच्छ हवा मागता येत नाही, त्याला आधी आजारी पडावे लागते. बायका तर स्वतः बोलतच नाहीत, सोबतच्या पुरुषाला कोपराने ढोसतात.

२००८ च्या नियमांनी यावर उपाय सुचवला होता. सार्वजनिक जागेच्या प्रमुखाने तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचे नाव ठळकपणे लावायचे, म्हणजे प्रवाशाने प्रवाशाशी हुज्जत घालायला नको. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच पाट्यांवर खाली नावासाठी सोडलेली रेघ आहे. रेघेवर नाव नाही.