नाग नदीचे सांडपाणी, वैनगंगा आणि भंडाऱ्याचे आरोग्य

शहापूर हे भंडारा तालुक्यातले गाव नागपूर-भंडारा राष्ट्रीय महामार्गावर आहे. बाहेरच्यांना हा भाग माहीत आहे तो शेजारच्या जवाहरनगर आयुध निर्माणीमुळे. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे झालेल्या स्फोटात ८ जणांचा जीव गेला, तेव्हा देशभर बातमी झाली. जिल्ह्यावरचे दुसरे संकट असे आवाज करत येत नाही. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. त्याची चर्चा होते ती नळाला वास आला किंवा काविळीचे रुग्ण वाढले की तेवढी.

नाग नदीचे नाव आपल्याला नवीन नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी हे शहर का निवडले ते सांगताना नाग लोकांचा आणि या नदीचा उल्लेख केला होता. लाव्हाच्या टेकड्यांतून निघून अंबाझरी तलावामार्गे ती शहरात शिरते, आणि शहराबाहेर पडेपर्यंत तिचा नाला झालेला असतो. पिवळी नदीही आपला वाटा तिच्यात टाकते. भांडेवाडीच्या केंद्रात सांडपाण्यावर प्रक्रिया होते, त्यातले बरेच पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. तरीही प्रक्रियेविना सुटणारे पाणी उरतेच. कन्हान पुढे आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते.

वाहत्या नदीत घाण काही प्रमाणात स्वतःहून जिरते. पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो आणि जिवाणू सेंद्रिय घाण खाऊन टाकतात. पवनी तालुक्यातील गोसेखुर्द धरणाने हे गणित बदलले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट असलेल्या या धरणाला ३३ दरवाजे आहेत आणि त्याचा फुगवटा थेट भंडारा शहरापर्यंत येतो. आंभोऱ्याचा संगम भंडाऱ्याच्या खाली आहे. पूर्वी तिथे आलेली घाण पुढे वाहून जायची, आता ती थांबलेल्या पाण्यात येऊन पडते. सगळा दोष नागपूरवर टाकणेही बरोबर नाही. भंडाऱ्याचे आणि काठावरच्या गावांचे नालेही त्याच पाण्यात उतरतात. पण महानगराचा भार आणि तालुक्याच्या गावाचा भार एका तराजूत बसत नाही.

मैल्यातील नत्र आणि स्फुरदावर जलपर्णी पोसली जाते. तिने पृष्ठभाग झाकला की खाली उजेड पोहोचत नाही, प्राणवायू घटतो आणि मासळी मरते. पहिला फटका ढिवर बांधवांना बसतो, कारण त्यांची मजुरी, जेवण आणि अंघोळ सगळे त्याच पाण्यात आहे. अशा पाण्यात रोज तासन्‌तास उभे राहिल्यावर अंगाला खाज येते, जखमा चिघळतात. सरकारी निकषानुसार अंघोळीच्या पाण्यात जैविक प्राणवायू मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवी. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात मैल्याचा जिवाणू ई-कोलाय एकही नको.

मैलामिश्रित पाण्यातून अतिसार, टायफॉइड आणि अ व ई प्रकारची कावीळ पसरते. ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत झाली तर जिवावर बेतू शकते, हे आपल्या वस्तीत फार कमी लोकांना ठाऊक असते. हत्तीरोगाचेही तसेच. पूर्व विदर्भ हा या रोगाचा जुना पट्टा आहे, आणि त्याचा प्रसार करणारा क्युलेक्स डास साचलेल्या घाण पाण्यातच वाढतो. आरोग्य कर्मचारी मोहिमेत घरी येऊन गोळ्या देतात, त्या खिशात ठेवून देणाऱ्यांत तरुण पोरेच पुढे असतात. गोळ्या त्यांच्यासमोरच घ्यायच्या असतात.

गावात काम करणाऱ्यांनी आधी एवढे विचारावे: आपल्या नळाचे पाणी नदीचे, विहिरीचे की बोअरचे? ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर रोज टाकतो का, पावडर किती जुनी आहे? उघडी पडलेली, ओल लागलेली पावडर निकामी होते. शेवटच्या घरच्या नळाला ओटी टेस्ट घ्यावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही. ही चाचणी टाकीजवळ घेऊन समाधान मानण्याची पद्धत सर्रास आहे, आणि आपली वस्ती बहुतेक गावांत पाइपलाइनच्या टोकालाच असते. एचटूएसची बाटली पाण्याने भरून ठेवली आणि एक-दोन दिवसांत काळी पडली, तर पाण्यात मैला मिसळल्याची शंका धरून प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीवरून आरोग्य विभाग ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आपल्या गावाचे कार्ड कोणते, हे ग्रामसभेत विचारता येते. तोवर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवून प्यावे. नुसते गाळून जंतू जात नाहीत.

गावाबाहेरची लढाई कागदावरची आहे. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ चा आहे. सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा कलम २१ च्या जीवनाच्या हक्कात बसवली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कन्हान आणि वैनगंगेच्या पाण्याचे नमुने नियमित तपासते. ते आकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे २ हजार कोटींचा प्रकल्प केंद्राने मंजूर केला आहे. त्यातली कोणती केंद्रे सुरू झाली आणि कोणती निविदेतच आहेत, हा प्रश्न नागपूरच्या कार्यकर्त्यांनी तिथे विचारायला हवा. भंडाऱ्याच्या लोकांना नागपूर महापालिकेत मत नाही.

पवनीला जगन्नाथ टेकडीवरचे स्तूपाचे अवशेष १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आले. ते पाहायला विहारांच्या सहली जातात. पुढच्या सहलीत वैनगंगेच्या घाटावरही उतरा, एचटूएसच्या दोन बाटल्या सोबत ठेवा, आणि भरल्यावर त्यांवर तारीख व जागा लिहायला विसरू नका.